वळवलेले विमान परत कसे आणतात? नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत पाऊस कोसळला आणि विमाने वळवल्याची बातमी आली, की माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. मी बावीस वर्षे प्रवासी विमानांच्या देखभालीत काढली, आता नाशिकला असतो. ओझरच्या ‘मिग’मुळे, म्हणजे लढाऊ विमानांच्या कारखान्यामुळे, आपल्याकडे गल्लीत एक तरी माणूस विमानांच्या कामातला निघतो, त्यामुळे प्रश्नही नेमके असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. निम्मे गैरसमज एकाच गोष्टीतून होतात, म्हणून ती आधीच सांगतो. आडबाजूच्या विमानतळावर उतरल्यावर प्रवाशांची सुटका आणि विमानाची सुटका ही दोन वेगळी कामे असतात. पहिल्याने दुसऱ्याची वाट पाहता कामा नये.

१. विमान ‘डायव्हर्ट’ झाले म्हणजे नक्की काय झाले? तो अपघात धरायचा का?

नाही. ठरलेल्या ठिकाणाऐवजी विमान दुसरीकडे उतरवले, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक उड्डाणाच्या आराखड्यात पर्यायी विमानतळ आधीच लिहिलेला असतो. मुक्कामापर्यंतचे इंधन, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि वर किमान ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढा शेवटचा साठा घेतल्याशिवाय जेट विमान निघत नाही. खराब हवामान, बंद पडलेली धावपट्टी, प्रवाशाची बिघडलेली तब्येत, तांत्रिक बिघाड किंवा सुरक्षेची धमकी अशी कारणे असतात. बहुतेक वेळा विमान इंधन भरून, हवामान निवळल्यावर तासा-दोन तासांत निघून जाते. ते तसे निघू शकत नाही तेव्हा काय होते, त्याबद्दल खालचे प्रश्न आहेत.

२. ओझरची धावपट्टी एवढी मोठी आहे, मग मुंबईची विमाने इकडे का आणत नाहीत?

ओझरची धावपट्टी सुमारे ३ किलोमीटरची आहे. एअरबस ए३२० तिथे सहज उतरते, रोज उतरतेच. अडचण विमान उतरल्यानंतर सुरू होते. कंपनी पर्यायी विमानतळ निवडताना आपला माणूस, आपला इंजिनिअर, आपल्या विमानाला लागणारी शिडी आणि पुरेसे इंधन कुठे आहे ते पाहते. हे सगळे अहमदाबाद, हैदराबाद, नागपूर, गोवा इथे तयार असते.

दुसरे म्हणजे, ओझर हा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा विमानतळ आहे. शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे. लढाऊ विमानांच्या चाचण्या, विमानतळ चालू राहण्याच्या वेळा, उभे करायला मोकळी जागा, सगळे बघावे लागते.

विमानतळाच्या अग्निशमन दलाची श्रेणीही पाहतात. विमानाच्या लांबी-रुंदीनुसार श्रेणी ठरते. ए३२० ला सहावी लागते, ए३२१ ला सातवी आणि बोइंग ७७७-३०० ला नववी. अर्थात विमान खरोखर संकटात असेल तर यातले काहीच आड येत नाही. कॅप्टनला जवळची सुरक्षित धावपट्टी दिसली की तो तिथे उतरतो, कागदपत्रे नंतर.

३. उतरल्यावर पहिल्या तासात काय चालते? बाहेरून तर सगळे गप्प उभे दिसतात.

त्या तासात सर्वांत जास्त काम फोनवर होते. कॅप्टन कंपनीच्या नियंत्रण कक्षाशी बोलतो. तिथे एकाच वेळी चार प्रश्न असतात: विमान धडधाकट आहे का, इंधन मिळेल का, क्रूची ड्युटी किती उरली, आणि मुक्कामाचा विमानतळ विमाने पुन्हा कधी उतरवून घेणार. यातले एक उत्तर लांबले की बाकीची तीन बदलतात. सात वाजता निघू असे केबिनमध्ये जाहीर होते आणि साडेसातला नऊ होतात, ते यामुळे. खोटे कोणी बोलत नसते. पण ‘अजून माहीत नाही, अर्ध्या तासाने पुन्हा सांगतो’ असे सरळ सांगणारा क्रू मला नेहमीच जास्त भावला. प्रवासीही त्याच्यावर कमी चिडतात.

४. प्रवाशांना खाली का उतरू देत नाहीत?

तीन कारणे. एक, शिडी. ए३२० चे दार जमिनीपासून सुमारे साडेतीन मीटरवर असते, ७७७ चे पाचच्या आसपास. लहान विमानतळावर मोठ्या विमानाची शिडी नसतेच. दोन, उतरलेला प्रवासी पुन्हा चढवायचा तर सुरक्षा तपासणी, मोजणी, सामानाचा मेळ हे सगळे नव्याने आले. निघायची वेळ जवळ असेल तर कंपनी हा घाट घालत नाही. तीन, टर्मिनलमध्ये जागा. एका वेळी एका-दोन विमानांसाठी बांधलेल्या इमारतीत चार विमानांचे लोक मावत नाहीत.

तरी तासन्‌तास कोंडून ठेवणे चूकच. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईला वळवले गेले आणि वैतागलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. ते चित्र देशभर फिरले, कंपनीला आणि विमानतळाला दंड झाला. त्यानंतर त्याच वर्षी मार्चमध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरोने, फार उशीर झाल्यास प्रवाशांना विमानातून परत टर्मिनलमध्ये आणता यावे म्हणून सूचना काढल्या. आंतरराष्ट्रीय विमानाचे नियम वेगळे आहेत, ते प्रश्न १० मध्ये.

५. मनमाडजवळ पानेवाडीला एवढे तेल डेपो आहेत. इंधन तर तासाभरात यायला हवे ना?

डेपो जवळ असणे आणि विमानाचे इंधन मिळणे यात फरक आहे. जेट इंधनाची साठवण, टँकर, फिल्टर, नळ्या सगळे वेगळे असते. कालपर्यंत डिझेल वाहिलेला टँकर साफसफाई आणि तपासणीशिवाय चालत नाही. भरण्याआधी इंधनात पाणी नाही ना, ते प्रत्येक वेळी तपासतात. विमानतळावर जो साठा आणि इंधन भरणाऱ्या ज्या गाड्या (बाउझर) आहेत तेवढ्यावर भागवायचे, असेच धरून चाला. ए३२० च्या टाक्या साधारण २४,००० लिटरच्या. ७७७-३०० ईआरच्या १,८१,००० लिटरच्या पुढे. असे एखादे मोठे विमान आले तर लहान विमानतळाचा आठवड्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून अशा वेळी मुक्कामापर्यंतचे इंधन न भरता जवळच्या मोठ्या विमानतळापर्यंतचेच भरतात आणि उरलेले तिथे घेतात.

६. विमान ठीक, हवामान ठीक, इंधनही आहे. तरी ‘क्रू नाही’ म्हणतात. पायलट तर समोर उभा होता!

समोर होता, पण त्याची ड्युटी संपली होती. पायलट आणि केबिन क्रूने सलग किती तास काम करायचे यावर डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मर्यादा आहे. जमिनीवर बसून काढलेला वेळही त्यात धरला जातो. मर्यादा संपली की विश्रांती घ्यावीच लागते. थकलेल्या माणसाने रात्री मुंबईच्या पावसात विमान उतरवू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे. मग नवा क्रू येणार मुंबईहून, गाडीने, कसारा घाटातून. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून घाटाचा जाच कमी झाला आहे. पण क्रूचा गाडीतला प्रवासही त्यांच्या तासांत मोजतात, हे विसरू नका.

७. बिघाड झाला तर शेजारी एचएएल आहेच की! सुखोई बनवणाऱ्यांना एक एअरबस दुरुस्त करता येत नाही?

हा प्रश्न ओझर टाउनशिपमधून सर्वांत जास्त येतो आणि त्यामागचा अभिमान मला कळतो. १९६४ मध्ये इथला कारखाना स्थापन झाला. मिग झाली, सुखोई झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या तेजस मार्क १ए चे पहिले उड्डाण झाले. हात आणि डोके दोन्ही आहेत.

पण प्रवासी विमानाला पुन्हा उडायची परवानगी मिळते ती सहीने. ती सही करणाऱ्या इंजिनिअरकडे त्याच प्रकारच्या विमानाचे आणि त्याच इंजिनाचे लायसन्स लागते, तो मान्यताप्राप्त संस्थेच्या वतीने सही करतो, आणि बसवलेल्या प्रत्येक भागासोबत त्याचे प्रमाणपत्र असावे लागते. बाजारात तसाच दिसणारा, तसाच बसणारा बोल्ट मिळाला तरी कागद नसेल तर तो आमच्यासाठी भंगार. म्हणून मदत शेजाऱ्यांची असली तरी सही मुंबईहून किंवा दिल्लीहून येते.

मदत मात्र खूप मोलाची असते. हँगर, क्रेन, जॅक, रात्रीचे दिवे, कॉम्प्रेसर, नायट्रोजनचे सिलिंडर. ए३२० च्या मुख्य चाकात सुमारे २०० पीएसआय दाब लागतो, आपल्या मोटारीच्या सहापट. तो गॅरेजच्या पंपावर भरता येत नाही.

आणि चित्र बदलते आहे. एप्रिल २०२४ मध्ये एचएएलने नाशिकला ए३२० कुटुंबातल्या विमानांची देखभाल उभी करण्यासाठी एअरबसशी करार केला. ते काम पूर्ण रुजले की या प्रश्नाचे उत्तर मी आनंदाने नव्याने लिहीन.

८. मग मुंबईहून नेमके काय काय आणावे लागते?

बिघाडावर अवलंबून, पण माझ्या अनुभवात अडवतात त्या फालतू वाटणाऱ्या वस्तू. एक किस्सा सांगतो. ठिकाण आणि कंपनी सांगत नाही. पावसामुळे एक विमान लहान विमानतळावर उतरले. विमानात एक स्क्रूही ढिला नव्हता. पण ते इमारतीकडे तोंड करून उभे केले गेले. आता विमान स्वतःहून मागे जात नाही, त्याला टगने ढकलावे लागते. टग होता. टग आणि पुढच्या चाकाला जोडणारा लोखंडी दांडा, म्हणजे टो-बार, त्या प्रकारच्या विमानाचा नव्हता. हा दांडा सगळ्या विमानांना एकच चालत नाही. तो ट्रकवर घालून घाटातून येईपर्यंत नऊ तास गेले. नऊ तास दीडशे माणसे, त्यात एक बाळंतीण, एका दांड्यासाठी खोळंबली. विमान तिथे उभे करायला होकार देणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतर कोणत्याही अनोळखी विमानतळावर मी पहिला प्रश्न ‘निघताना तोंड कुठे असेल?’ हाच विचारत आलो.

दांड्याखेरीज: एपीयू, म्हणजे विमानाच्या शेपटीतले वीज देणारे छोटे इंजिन, बंद असेल तर बाहेरून वीज देणारे ४०० हर्ट्‌झचे यंत्र, कारण आपली घरची ५० हर्ट्‌झची वीज विमानाला चालत नाही. इंजिन सुरू करायला दाबाची हवा देणारे यंत्र. चाके, ब्रेक, जॅक. शौचालयाची टाकी रिकामी करणारी गाडी, जिचे नाव कोणी यादीत घेत नाही आणि जी नसेल तर चार तासांत विमानात बसवत नाही. आमच्या भाषेत अशा अडकलेल्या विमानाला ‘एओजी’ (एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड) म्हणतात. हे शब्द लिहिलेले खोके गोदामात सर्वांत आधी उचलले जाते.

९. इंजिनच बदलायचे असेल तर?

तर दिवस मोजायला लागा. ए३२० निओचे इंजिन सुमारे तीन टनांचे. मुंबईहून एअर सस्पेन्शनच्या ट्रेलरवर, खास चौकटीत बसवून, हळू आणावे लागते. आदळआपट झाली तर आतली बेअरिंग दुखावतात, म्हणून पिंपळगावचा कांदा नेणारा ट्रेलर इथे कामाचा नाही. ७७७-३०० ईआरचे जीई९० इंजिन पावणेनऊ टनांच्या आसपास, पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर. ते सहसा मोठ्या मालवाहू विमानातूनच येते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये झुरिकहून लॉस एंजेलिसला निघालेले स्विस कंपनीचे ७७७ एक इंजिन बंद पडल्याने कॅनडाच्या उत्तरेला इकालुइट इथे उतरले. प्रवाशांना कंपनीने दुसरे विमान पाठवून नेले. नवे इंजिन अंतोनोव्ह १२४ मधून आणले आणि कडाक्याच्या थंडीत, उघड्यावर तंबू बांधून बदलले. सप्टेंबर २०१७ मध्ये एअर फ्रान्सचे ए३८० इंजिनाचा पुढचा भाग तुटल्यावर कॅनडातच गूझ बे इथे उतरले, ते घरी परतले डिसेंबरमध्ये. दोन्हीकडे प्रवासी लवकर मार्गी लागले, विमान मागे राहिले. सुरुवातीला म्हटले ती दोन वेगळी कामे ही अशी.

१०. आंतरराष्ट्रीय विमान अचानक लहान विमानतळावर उतरले तर प्रवाशांचे काय?

आपल्याकडे सीमाशुल्क कायदा, १९६२ चे कलम २९ याबद्दल स्पष्ट आहे. परदेशातून आलेल्या विमानाने कस्टम्सची सोय असलेल्या विमानतळावरच उतरायचे. अपघात, खराब हवामान किंवा टाळता न येणारे कारण असेल तर दुसरीकडे उतरता येते, पण ताबडतोब जवळच्या कस्टम्स अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला कळवायचे आणि त्यांच्या संमतीशिवाय माल उतरवायचा नाही, प्रवाशांना विमानाच्या आसपासचा परिसर सोडू द्यायचा नाही. आरोग्य, सुरक्षितता आणि जीव वाचवणे याला सूट आहे. म्हणजे छातीत दुखणाऱ्या माणसाला रुग्णवाहिकेत घालायला शिक्का लागत नाही. बाकीच्यांना इमिग्रेशनचे अधिकारी येईपर्यंत थांबावे लागते.

परदेशात आपल्या लोकांवरही ही वेळ आली आहे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे ७७७ इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियातल्या मगदानला उतरले. २१६ प्रवासी, १६ क्रू. गावात तेवढी हॉटेले नव्हती, म्हणून काही जणांची सोय शाळेत आणि वसतिगृहांत झाली. कंपनीने मुंबईहून दुसरे विमान पाठवले आणि प्रवासी त्यातून पुढे गेले. एप्रिल २०२५ मध्ये लंडनहून मुंबईला येणारे व्हर्जिन अटलांटिकचे ए३५० एका प्रवाशाच्या तब्येतीमुळे तुर्कस्तानातल्या दियारबाकिरला उतरले. उतरल्यावर तपासणी निघाली, विमानतळ लष्करी, आणि अडीचशेवर प्रवासी, त्यातले बरेच भारतीय, सुमारे दोन दिवस अडकले. ओझरसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

११. धावपट्टी आखूड असेल तर उतरलेले विमान पुन्हा उडू शकते का?

बऱ्याचदा हो, हलके करून. उतरायला लागते त्यापेक्षा उड्डाणाला सहसा जास्त लांबी लागते, कारण वेग घेतल्यावर ऐनवेळी थांबायची वेळ आली तर तेवढी जागा पुढे हवी. प्रवासी, सामान, जेवणाच्या ट्रॉल्या उतरवायच्या, इंधन जेमतेम जवळच्या विमानतळापुरते ठेवायचे. जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून चुकून जुहूला उतरले होते, ते नऊ दिवसांनी उडवून नेले.

मला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र इझ्माचे. सप्टेंबर २०१० मध्ये उत्तर रशियात टीयू-१५४ विमानाची सगळी वीज गेली. ८१ माणसे होती. खाली जंगल, आणि त्यात इझ्माची धावपट्टी, जी नकाशावरून केव्हाच गेली होती. पण सेर्गेई सोत्निकोव नावाच्या तिथल्या माणसाने ती वर्षानुवर्षे साफ ठेवली होती, झाडे उगवू दिली नव्हती. विमान पट्टी ओलांडून झाडांत शिरले, पण सगळे वाचले. जागेवरच डागडुजी करून मार्च २०११ मध्ये तेच विमान त्याच पट्टीवरून उडाले.

१२. थोडा बिघाड असताना, प्रवाशांशिवाय, विमान उडवून नेता येते का?

येते. त्याला फेरी फ्लाइट म्हणतात. डीजीसीएची खास परवानगी, निर्मात्याचे मार्गदर्शन आणि मोजकाच क्रू लागतो. चाके आत जात नसतील तर ती बाहेर ठेवून, कमी वेगाने नेतात. इंधन कितीतरी जास्त जळते, म्हणून टप्पे छोटे पडतात. चार इंजिनांचे विमान तीनवर नेता येते. दोन इंजिनांचे एकावर नेत नाहीत, कितीही जवळ असले तरी. ‘ओझर ते मुंबई म्हणजे वीस मिनिटे’ हा युक्तिवाद मी स्वतः ऐकला आहे. उत्तर नाहीच.

१३. विमान धावपट्टीवरून घसरून चिखलात रुतले तर?

आपल्याकडची काळी माती पावसात चाक कसे धरते, ते दिंडोरीच्या कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा. ओढून काढायचा मोह होतो आणि तिथेच नुकसान होते, कारण चाकाचा दांडा पुढे-मागे ओढ सहन करायला बनलेला असला तरी चिखलाच्या चोखणीविरुद्ध नाही. आधी इंधन आणि सामान काढायचे, पोटाखाली हवेच्या पिशव्या घालून उचलायचे, खडी आणि लोखंडी पत्रे टाकून रस्ता करायचा, मग दोन्ही बाजूंनी सारख्या ताणाने इंच इंच ओढायचे. यासाठीचा संच ‘डार्क’ नावाने ओळखला जातो, आणि असा संच प्रत्येक विमानतळावर नसतो. जुलै २०१९ मध्ये मुंबईत जयपूरहून आलेले ७३७ मुख्य धावपट्टीच्या टोकाला रुतले, तेव्हा संच असूनही पावसात ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली.

घटना गंभीर ठरली तर तपास यंत्रणेच्या परवानगीशिवाय विमान हलवायचेच नाही. माणसे बाहेर काढणे आणि आग विझवणे हे अर्थातच थांबत नाही.

१४. तिरुवनंतपुरमला ब्रिटिश लढाऊ विमान महिनाभर का अडकले होते?

त्याच कारणाने, सही आणि सामान. एफ-३५बी १४ जून २०२५ ला उतरले, ब्रिटनहून पथक जुलैच्या सुरुवातीला आले, विमान हँगरमध्ये नेले आणि २२ जुलैला ते उडाले. लष्करी विमानाला गुप्ततेची भर पडते. प्रश्न ७ मधली शेजाऱ्याची मदत इथे घेणेच कठीण.

१५. एखादे विमान कधीच परत उडत नाही, असेही होते?

होते. सप्टेंबर २०२३ मध्ये उरल एअरलाइन्सचे ए३२० सायबेरियात गव्हाच्या शेतात उतरले. सगळे सुखरूप. जमीन गोठली की तिथूनच उडवू अशी तयारी चालली होती, शेवटी तो बेत सोडून विमानाचे भाग सुटे करायचे ठरले.

१६. जेवण, हॉटेल, परतावा यांचा खर्च कोण देते?

देशांतर्गत प्रवासात उशिरानुसार खाणेपिणे देणे कंपनीवर आहे. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. २४ तासांच्या वर गेला तर हॉटेलची सोय. हवामानासारख्या हाताबाहेरच्या कारणाला रोख भरपाई मिळत नाही. ओझरहून स्वतःची टॅक्सी करून मुंबई गाठायची असेल तर आधी कंपनीला सांगा. न सांगता निघालात तर विमानाच्या पोटातली तुमची बॅग शोधून काढेपर्यंत बाकीचे खोळंबतात.

१७. आम्ही जानोरी-ओझरचे. रात्री चार विमाने येऊन उभी राहिली तर आम्ही काय करू शकतो?

आधी काय करू नये ते. कुंपणाशी गर्दी, ड्रोन आणि मोबाइलचे फोटो टाळा. हा संरक्षण क्षेत्राचा विमानतळ आहे, आणि दहाव्या मैलाच्या रस्त्यावर गाड्या अडकल्या तर रुग्णवाहिका अडते.

करण्यासारखे बरेच आहे. ११ सप्टेंबर २००१ ला कॅनडातल्या गँडरला ३८ विमाने आणि प्रवासी व क्रू मिळून सुमारे ६,६०० माणसे उतरली, तेव्हा गाव होते जेमतेम दहा हजारांचे. शाळा, चर्च, घरे उघडली आणि लोकांना दिवसेंदिवस सांभाळले. नाशिकला हे शिकवावे लागत नाही, सिंहस्थात आपण लाखोंना जेवू घालतो. फक्त मदत थेट विमानाकडे न नेता तहसीलदार आणि विमानतळ प्रशासनामार्फत द्या. मंगल कार्यालयाच्या चाव्या कोणाकडे आहेत, पन्नास गाद्या कुठे मिळतील, रात्री बारानंतर चालू असणारे औषध दुकान कोणते, लहान मुलांचे दूध कुठून येईल, ही यादी आज करून ग्रामपंचायतीत चिकटवून ठेवा. वर एक फोन नंबर आणि तो उचलणाऱ्या दोन माणसांची नावे लिहा.